अंश वेगळे, वॅट वेगळे: ओव्हरक्लॉकिंगमधला नेहमीचा घोळ

"माझा प्रोसेसर फार तापतो." ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांची, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणाऱ्यांची, ही कायमची तक्रार, आणि त्यावरचा सल्लाही ठरलेला: प्रोसेसरवर मोठा कूलर बसव. पण या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. प्रोसेसर किती उष्णता तयार करतोय, हे वॅटमध्ये कळतं. चिप किती तापली आहे, हे अंशांमध्ये. जळत्या उदबत्तीचं टोक बंबातल्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असतं, पण तिच्यावर कुणी आंघोळीचं पाणी तापवत नाही.

इंटेलचं उदाहरण बघा. 2011 चा कोअर आय7-2600के हा 95 वॅटचा, तर 2012 चा 3770के 77 वॅटचा. वॅट कमी, म्हणजे तो थंड राहील असं कुणालाही वाटेल. ओव्हरक्लॉक केल्यावर मात्र 3770के च जास्त तापायचा. आतली चिप, म्हणजे सिलिकॉनचा तुकडा, सुमारे 216 चौरस मिलिमीटरवरून 160 वर आली होती, त्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला जागा कमी. त्यात चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डरऐवजी (धातूच्या जोडाऐवजी) उष्णता पुढे नेणारी साधी पेस्ट. मग हौशी मंडळी ब्लेडने झाकण उचकटून आतली पेस्ट बदलू लागली (वॉरंटी अर्थातच गेली). तेवढ्याच वेगाला तापमान दणकून उतरू लागलं. उष्णता जवळपास तेवढीच राहिली, फक्त तिची वाट मोकळी झाली.

एएमडीकडेही तेच. रायझन 5800एक्स आणि 5950एक्स, दोघांची वीजमर्यादा मुळात 142 वॅट. 5800एक्समध्ये आठही कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) एकाच छोट्या चिपवर, 5950एक्समध्ये सोळा कोअर दोन चिपांवर विभागलेले. पूर्ण लोडवर, म्हणजे सगळे कोअर कामाला जुंपल्यावर, आठ कोअरवालाच जास्त तापतो.

अंश उतरवायचे तर पेस्ट, कूलरची बसवणी, पंखे, कॅबिनेटमधली हवा यांकडे बघायचं. वॅट उतरवायचे तर व्होल्टेजला हात घालावा लागतो. वीजवापर ढोबळमानाने वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. 4.7 गिगाहर्ट्झवरून 5.0 वर जाताना व्होल्टेज 1.25 वरून 1.35 केलं, तर वेग वाढतो साडेसहा टक्क्यांच्या आत आणि वीज सुमारे 24 टक्के. हा सौदा मला तरी घाट्याचा वाटतो. आधी आहे त्या वेगाला किती कमी व्होल्टेज पुरतं, ते शोधावं.

खोलीचं गणितही वॅटवरच चालतं. प्रोसेसर 250 वॅट खात असेल तर ती सगळी उष्णता खोलीतच येते, मग कूलर हवेचा असो की पाण्याचा. उलट खोली 25 अंशांवरून मे महिन्यातल्या 40 वर गेली, की त्याच लोडवर चिपही साधारण पंधरा अंशांनी वर सरकते. नागपूरकरांनी जानेवारीत बसवलेलं सेटिंग मे महिन्यात पुन्हा तपासलेलं बरं.

एचडब्ल्यूइन्फो या तापमान आणि वॅट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून लोड टाका. वॅट बेताचेच आणि लोड टाकताच तापमान 95 च्या पुढे? कूलर नीट बसलेला नाही, किंवा पेस्ट गेली आहे. वॅटच अडीचशेच्या वर? मग कूलर त्याचं काम करतोय, व्होल्टेज उतरवा. तापमान 75 वरच आहे आणि तरी वेग पडतोय? बहुधा वीजमर्यादा आडवी आली आहे. तिथे नवा कूलर घेऊन फार काही हाती लागत नाही. ती मर्यादा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बघायची, मदरबोर्डला तेवढा भार झेपतोय याची खात्री करून.

फक्त रायझन 7950एक्ससारख्या चिप 95 अंशांवर दिसल्या म्हणून घाबरू नका. त्या तिथवर जाण्यासाठीच बनवल्या आहेत. चांगला कूलर लावला, तरी जड लोडवर बऱ्याचदा आकडा 95 च राहतो, वेग तेवढा वाढतो.