बंद घराचे परस पुन्हा उभे करताना

कोकणात गणपती आणि शिमगा या दोन सणांपुरती उघडणारी घरे गावोगावी आहेत. अशा घराच्या परसाकडे चार-पाच वर्षे कोणी पाहिले नाही, तर तिथे घडणाऱ्या गोष्टींचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. पहिल्या पावसाळ्यात टाकळा, कुर्डू यांसारखी हंगामी तणे मोकळी जमीन व्यापतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत रानमोडी आणि घाणेरी त्यांच्या डोक्यावरून उठतात, त्यांच्या आधाराने वेली चढतात आणि आंब्याच्या फांद्यांवर बांडगुळे दिसू लागतात. मग एखाद्या मे महिन्यात सुटीला आलेले घरचे लोक दोन गडी लावून सगळे कोयत्याने सपाट करतात, ढीग पेटवून देतात आणि समाधानाने परत जातात. गणपतीला घर उघडते तेव्हा परस पुन्हा कमरेएवढ्या तणाने भरलेले असते. यात गड्यांच्या मेहनतीचा दोष नाही. कोयता जमिनीवरचे कापतो, पण पुढच्या रानाचा बराचसा ऐवज त्या वेळी जमिनीखाली असतो.

हा ऐवज दोन प्रकारचा आहे, बियांचा आणि मुळांचा. त्यातील बियांचा साठा किती चिवट असतो, हे दाखवणारा एक प्रयोग वनस्पतिशास्त्रात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम जेम्स बील या प्राध्यापकांनी १८७९ साली तणांच्या बिया ओलसर वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि त्या पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून बिया पेरायच्या, अशी त्यांची योजना होती आणि त्यांच्या मागून आलेल्या संशोधकांनी ती आजतागायत चालू ठेवली आहे. २०२१ साली काढलेल्या बाटलीतील मलेन नावाच्या तणाच्या काही बिया १४२ वर्षांनंतरही रुजल्या. आपल्या परसातील सगळ्याच बिया इतका काळ टिकत नाहीत. उष्ण आणि दमट मातीत त्या लवकर कुजतात किंवा किड्या-मुंग्यांच्या तोंडी पडतात. तरीही काही वर्षे बी न पडू देता हा साठा आटवावा लागतो. एका दिवसात तो संपत नाही.

मातीत पडून राहिलेल्या या बियांना रुजण्याची वेळ कशी कळते? अनेक तणांच्या बाबतीत याचे उत्तर प्रकाश हे आहे. १९५२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅलडच्या पानांसाठी लावल्या जाणाऱ्या लेट्यूसच्या बियांवर लाल आणि दूरलाल (लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाशाचे झोत आलटून पालटून टाकले. शेवटचा झोत लाल असेल तर बिया रुजत आणि दूरलाल असेल तर निद्रिस्त राहत, मग आधी कितीही वेळा अदलाबदल झालेली असो. बियांमधील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य या बटणाचे काम करते. हिरवी पाने लाल प्रकाश शोषून घेतात आणि दूरलाल प्रकाश बराचसा खाली जाऊ देतात, त्यामुळे दाट पानोऱ्याखाली पडलेल्या बीला वर दुसऱ्या झाडांची सावली असल्याचे कळते. पानोरा एकदम काढला, किंवा कुदळीने खालची माती वर आणली, की बटण दाबले जाते. काही बियांना यासाठी सेकंदाच्याही लहानशा भागापुरता प्रकाश पुरतो. म्हणूनच जर्मनीत १९९० च्या सुमारास रात्रीच्या अंधारात नांगरणी करून पाहिली गेली आणि तिथे तण लक्षणीय घटल्याचे आढळले, जरी पुढे इतर ठिकाणी तितका स्पष्ट परिणाम नेहमी दिसला नाही. परसात कोणी रात्री कुदळ चालवावी असे नाही. पण संपूर्ण जागा खोल खणून ‘माती मोकळी’ करण्याचा जो उत्साह पहिल्याच दिवशी दाखवला जातो, तो आवरावा हे उत्तम.

खणण्याचा दुसरा तोटा मुळांशी निगडित आहे. लव्हाळ्याच्या जमिनीखालच्या गाठी बारीक धाग्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि वाढत्या टोकाच्या प्रभावामुळे साखळीतील बऱ्याच गाठींचे डोळे दबलेले राहतात. कुदळीने साखळी तुटली की तो प्रभाव संपतो आणि प्रत्येक सुटी गाठ स्वतंत्रपणे फुटते. हरळीच्या आडव्या खोडांचेही तसेच आहे. पेऱ्यापेऱ्यावर डोळा असल्यामुळे तुकडे जितके अधिक, तितकी रोपे अधिक. गणपतीला हौसेने वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा त्या याच. मात्र या दोन्ही चिवट तणांची एक दुखरी बाजू आहे, ती म्हणजे सावली. प्रखर उन्हात वेगाने वाढण्यासाठी जुळवून घेतलेल्या गटातील असल्याने दाट सावलीत ती झपाट्याने क्षीण होतात. लव्हाळ्याचा अणकुचीदार कोंब पालापाचोळ्याचे आच्छादन सहज भेदतो आणि पातळ प्लास्टिकही फोडतो, पण वर भोपळ्याचा किंवा रताळ्याचा दाट वेल पसरला असेल तर त्याला नव्या गाठी भरायला पुरेसे अन्न तयार करता येत नाही.

घाणेरीची गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणलेली ही वनस्पती कापली की बुंध्यापासून दुप्पट फांद्या फोडते आणि जाळली तरी फुटते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलांच्या पुनरुज्जीवनासाठी विकसित केलेली पद्धत परसातही उपयोगी पडते. झुडपाचे मुख्य मूळ जमिनीच्या पातळीखाली काही सेंटीमीटरवर, म्हणजे जिथून नवे फुटवे येतात त्या भागाच्या खाली, कुदळीने तोडायचे आणि सुटलेले झुडूप उलटे करून मुळे उन्हात वाळू द्यायची. भोवतालची माती फारशी हलत नाही, त्यामुळे तिच्यातील बियाही जाग्या होत नाहीत.

मग हे काम कधी करावे? मे महिन्याची सफाई मला सर्वांत गैरसोयीची वाटते. कोकणात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उघड्या मातीवर आपटणारे थेंब मातीचे कण सुटे करतात, ते भेगांत बसून वरचा थर घट्ट होतो, पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते आणि जांभ्यावरची आधीच पातळ माती उतारावरून निघून जाते. पेटवलेल्या ढिगाची राखही पहिल्याच सरींत बरीचशी धुऊन जाते, आणि पाल्यातील नायट्रोजन तर ज्वाळेबरोबरच हवेत गेलेला असतो. शिवाय धुरातील कॅरिकिन नावाची संयुगे काही वनस्पतींच्या बियांना रुजण्याचा संकेत देतात, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले आहे.

पाऊस ओसरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने अधिक सोयीचे आहेत. माती अजून ओली असल्यामुळे मुळे सहज निघतात, आणि रानमोडी हिवाळ्यात फुलून वाऱ्यावर बी सोडण्याच्या आत ती कापता येते. गाजर गवत मात्र ओल मिळेल तेव्हा वर्षभर फुलते. १९५५ साली पुण्यात नोंदवले गेलेले हे तण आज देशभर पसरले आहे. ते फुलण्यापूर्वीच उपटावे आणि हातमोजे घालूनच उपटावे, कारण त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेला तीव्र त्रास होऊ शकतो. गमबूट आणि हातातली काठी यांबद्दल कोकणात वेगळे सांगायला नको. फुरसे पाचोळ्याच्या रंगात सहज मिसळून जाते.

सगळे परस एकाच वेळी उघडे करू नये. घराच्या पडवीलगतचा एक वाफा घ्यावा, तो साफ करून त्याच दिवशी झाकावा आणि तो ताब्यात आल्यावरच पुढे सरकावे. झाकण्यासाठी कापलेली रानमोडी आणि घाणेरीचा बी नसलेला पाला बारीक करून आठ-दहा सेंटीमीटर जाडीने पसरला की बारीक बियांपर्यंत प्रकाश पोचत नाही. हा पाला मातीत मिसळू नये. लाकडी तुकड्यांत कर्ब खूप आणि नायट्रोजन कमी असतो. ते मातीत गेले की कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतील नायट्रोजन उचलतात आणि रोपे पिवळी पडतात. पृष्ठभागावर राहिले तर हा परिणाम वरच्या पातळ थरापुरता राहतो. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची खोडे आच्छादनातही नकोत आणि खताच्या ढिगातही नकोत, कारण ती मारण्याइतकी उष्णता घरगुती ढिगात क्वचितच तयार होते. फरशीवर कडक उन्हात पूर्ण वाळवूनच ती टाकावीत.

ज्या वाफ्यात पुढे भाजीपाला घ्यायचा आहे, तिथे उन्हाळ्याचा खरा उपयोग होतो. इस्राएलमधील शास्त्रज्ञ काटान यांनी १९७६ साली मांडलेल्या सौर तापन पद्धतीत ओल्या मातीवर पातळ पारदर्शक प्लास्टिक कडा पक्क्या बुजवून ४ ते ६ आठवडे ताणून ठेवतात. काळे प्लास्टिक स्वतः तापते, तर पारदर्शक प्लास्टिकमधून ऊन थेट मातीत शिरून अडकते. वरच्या काही सेंटीमीटरमधील तापमान पन्नास अंशांच्या पुढे जाते आणि तिथल्या बऱ्याच बिया व रोगकारक बुरश्या नष्ट होतात. खोलवरच्या लव्हाळ्याला मात्र ही मात्रा अपुरी पडते. प्लास्टिक काढल्यावर माती न खणता पहिल्या पावसाबरोबर ताग दाट पेरावा. तो तणांना लवकर सावलीत टाकतो, मुळांवरील गाठींतून नायट्रोजन मिळवून देतो आणि फुलावर येताच कापून तिथेच अंथरता येतो. ज्या कोपऱ्यात टाकळा उगवला असेल, तो कोवळा असताना खुडून भाजीला घेतला तर बीही पडत नाही.

जुन्या झाडांच्या बाबतीत घाई अधिक महागात पडते. वर्षानुवर्षे दाटीत वाढलेल्या आंब्याभोवतीचा पानोरा आणि त्याच्या स्वतःच्या फांद्या एकाच हंगामात उतरवल्या, तर सावलीला सरावलेली साल उन्हाने भाजते, तडकते आणि खोड पोखरणाऱ्या भिरूड किडीला अंडी घालण्यासाठी आयती जागा मिळते. म्हणून छाटणी दोन-तीन वर्षांत विभागावी आणि सुरुवात वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व बांडगूळ लागलेल्या फांद्यांपासून करावी. बांडगुळाची चिकट बी फुलटोच्या पक्षी फांदीला पुसून जातो. तिथे रुजल्यावर बांडगुळाचे शोषक अंग लाकडात शिरते, त्यामुळे नुसते बांडगूळ ओढून काढले तर आतल्या भागातून ते पुन्हा फुटते. शक्य असेल तिथे लागणीच्या जागेपासून हातभर खाली, निरोगी भागात फांदीच कापावी.

फांदी नेमकी कुठे कापावी, याचे शास्त्र अमेरिकेच्या वन खात्यातील ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिल्यावर मांडले. झाड जखम भरून काढत नाही, तर तिच्याभोवती रासायनिक व पेशींच्या भिंती उभारून कूज कोंडून ठेवते, आणि यातील सर्वांत भक्कम भिंत फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्यात तयार होते. खोडाशी सपाट कापले की हे कडेच निघून जाते, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. त्यामुळे काप कड्याला लागून, पण कडे शाबूत ठेवून घ्यायचा. जड फांदी असेल तर आधी थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप देऊन मग वरून कापावी, म्हणजे ती पडताना खोडाची साल सोलवटत नाही. मोठ्या कापावर १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणातील बोर्डो पेस्ट लावण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पावसाळी हवेत बुरशीला आळा घालण्यापुरता तो उपयुक्त असला, तरी चुकीच्या जागी घेतलेला काप त्याने दुरुस्त होत नाही.