रीस बेस

रीस बेस हा इलेक्ट्रॉनिक म्युझिकमधला खोल, गुरगुरणारा आणि आतल्या आत सतत हलत राहणारा सिंथ बेसचा आवाज. ड्रम अँड बेस (वेगवान ड्रम आणि जड बेसचा प्रकार) ऐकणाऱ्याला नाव माहीत नसलं तरी आवाज नक्की ओळखीचा असतो. तसं बघितलं तर लागतं फार कमी, दोन सॉ वेव्ह ऑसिलेटर (सिंथमधले करवतीच्या दात्यांसारखी लहर काढणारे आवाजाचे उगम), एकमेकांपासून किंचित बेसूर केलेले, त्यावर एक लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा), बास. पण एवढंच करून थांबलेले बरेच रीस हेडफोनवर भारी वाटतात आणि मोठ्या सिस्टीमवर फुसके निघतात.

हा आवाज मूळचा डेट्रॉइटचा. केविन सॉन्डरसन हा जुआन अ‍ॅटकिन्स आणि डेरिक मे यांच्यासोबतचा, मिशिगनमधल्या बेलव्हिल गावातल्या त्या तिघांपैकी एक ज्यांच्यापासून टेक्नो सुरू झालं असं सगळे मानतात. १९८८ मध्ये त्याने 'रीस' या टोपणनावाने 'जस्ट वाँट अनदर चान्स' नावाचा ट्रॅक काढला आणि त्यातल्या बेसला पुढे त्याचंच नाव चिकटलं. सिंथ होता कॅसिओ सीझेड-५०००. गंमत अशी की सीझेड सिरीजमध्ये नेहमीच्या अर्थाने फिल्टर नाहीच, तिथे फेज डिस्टॉर्शन आहे, म्हणजे साइनसारखी साधी वेव्ह वाचण्याचा वेग मध्येच वाकवायचा आणि त्यातून वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) काढायचे. मात्र दोन लाइन (आवाजाचे दोन वेगळे मार्ग) एकमेकींपासून डीट्यून, म्हणजे किंचित बेसूर, करायची सोय होती आणि खरं काम तिनेच केलं.

ट्रॅक टेक्नोचा असला तरी या बेसचं नशीब उघडलं ब्रिटनमध्ये. १९९४ मध्ये मूव्हिंग शॅडो लेबलवर रेनेगेड, म्हणजे रे कीथ आणि नूकी, यांचा 'टेररिस्ट' आला, त्यात सॉन्डरसनचा बेस सॅम्पल केलेला होता आणि तिथून जंगलवाल्यांनी (जंगल म्हणजे ड्रम अँड बेसचा आधीचा अवतार) तो जो धरला तो आजपर्यंत सोडलेला नाही. पुढे नो यू-टर्न लेबलवर एड रश, ट्रेस वगैरे मंडळींनी त्यात डिस्टॉर्शन घालून तो चांगलाच काळा केला, त्या प्रकाराला टेकस्टेप म्हणायला लागले, आणि मग त्यातून न्यूरोफंक आला. आता तर गराज, डबस्टेप, हाउस, कुठेही सापडतो.

आता हा आवाज का हलतो, ते. तंबोरा लावताना जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज हेलकावे खायला लागतो आणि सूर लागत जाईल तसे हेलकावे संथ होत थांबतात, ते ज्याने ऐकलंय त्याला हे वेगळं सांगायला नको, फक्त इथे मुद्दाम अर्ध्यातच हात काढून घ्यायचा. आकडे घेऊन बघू. ५५ हर्ट्झचा ए वाजवला, एक ऑसिलेटर १० सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) वर आणि दुसरा १० सेंट खाली. दोघांत फरक पडतो साधारण ०.६४ हर्ट्झचा, म्हणजे मूळ सूर दीड सेकंदात एकदा फुगतो आणि एकदा मरतो. पण सॉ वेव्हमध्ये सगळे हार्मोनिक असतात आणि हा फरक हार्मोनिकच्या नंबरने गुणला जातो, त्यामुळे २२० हर्ट्झचा चौथा हार्मोनिक सेकंदाला अडीच वेळा हलतो आणि ४४० चा आठवा पाच वेळा. तळाला संथ, वर वर जाल तसं भरभर, आणि सगळं एकाच वेळी. एलएफओने (म्हणजे दुसरं काही हलवायला वापरलेल्या संथ लहरीने) फिल्टर हलवून हा परिणाम येत नाही कारण एलएफओ सगळ्यांना एकाच तालात हलवतो.

याच हिशोबात रीसची गोचीही आहे. दोन्ही ऑसिलेटर समान आवाजात असले तर मूळ सूर 'मरतो' म्हणजे खरंच जवळजवळ शून्य होतो. १७४ बीपीएमला (मिनिटाला १७४ ठोके) चार ठोक्यांचा एक बार साधारण १.४ सेकंदांचा, म्हणजे जवळजवळ दर बारमध्ये कुठेतरी तळ गायब होणार, आणि तोही दर वेळी थोडा पुढे सरकलेल्या जागी. हेडफोनवर मिड फ्रिक्वेन्सी एवढी मजा करत असते की ते कळत नाही, क्लबमध्ये मात्र छातीवरचा दाब अचानक निघून जातो. म्हणून खोली आणि हालचाल ही दोन कामं वेगळ्या आवाजांना वाटून द्यायची. रीसला ८०-१०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास लावून खालून कापायचा आणि त्याखाली तीच नोट वाजवणारी एक साधी साइन ठेवायची, मोनो, डीट्यून नाही, कोरस नाही, काही नाही. जुन्या रेकॉर्डवर फारसं कोणी एवढं सोवळं पाळलेलं नाही हे खरं, पण आज नव्याने बनवताना न पाळायला कारण दिसत नाही.

फिल्टरचा कटऑफ (जिथून तो कापायला लागतो) काही शे हर्ट्झपासून सुरू करून कानाने वर न्यायचा, रेझोनन्स (कटऑफजवळचा उठाव) कमी. डिस्टॉर्शन लावायचं तर दोन्ही ऑसिलेटर मिसळल्यानंतर, कारण तेव्हाच दोघांच्या भांडणातून नवीन फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि ती खरखर येते, आणि साइनचा तळ त्यातून वगळायचा. डिस्टॉर्शनचा अजून एक फायदा, मोबाइलच्या स्पीकरमधून ५५ हर्ट्झ बाहेरच पडत नाही पण वरचे हार्मोनिक ऐकू आले की मेंदू खालचा सूर स्वतःच धरून घेतो.

सात सात व्हॉइसचा युनिसन (एकाच नोटच्या किंचित बेसूर प्रती एकत्र) लावून 'मोठा' रीस करायची फॅशन आहे, ती माझ्या मते चुकीची. व्हॉइस वाढले की हेलकावे एकमेकांत मिसळून नुसती जाड चादर होते, रुंद वाटते पण गुरगुरत नाही. दोन पुरतात, फार तर तीन. सिंथ कुठला याने फार फरक पडत नाही, व्हायटल या सॉफ्टवेअर सिंथची फुकट आवृत्तीसुद्धा चालते.

फेजचं, म्हणजे लहर कुठल्या टप्प्यावर आहे त्याचं, एक बघायचं. ऑसिलेटर मोकळे सोडले तर प्रत्येक नोट हेलकाव्याच्या वेगळ्या टप्प्यावर सुरू होते, कधी जोरात कधी मेलेली, आणि रीट्रिगर केले (दर नोटला लहर पहिल्यापासून सुरू केली) तर प्रत्येक नोट सारखीच सुरू होते, जे लवकर कंटाळवाणं होतं. बरेच जण यातून वाट काढतात ती अशी की मोकळ्या ऑसिलेटरवर एकच लांब नोट काही मिनिटं रेकॉर्ड करायची, त्यातला आवडलेला तुकडा कापायचा आणि सॅम्पलरमध्ये टाकून वाजवायचा. फक्त त्याआधी एकदा मोनोमध्ये ऐकायचं, कारण एक ऑसिलेटर पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे ठेवला असेल तर स्टिरीओत जी नुसती रुंदी वाटत होती तीच मोनोत एकत्र आल्यावर एकमेकांना खोडायला लागते.