बाल्टिक समुद्र

उत्तर युरोपातील, जवळजवळ चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला, निमखाऱ्या पाण्याचा उथळ समुद्र. डेन्मार्क व स्वीडन यांमधील कट्टेगाट हा सागरी पट्टा धरून क्षेत्रफळ सु. ४.१५ लाख चौ. किमी. सरासरी खोली जेमतेम ५५ मी.; स्टॉकहोमच्या दक्षिणेची लांड्सोर्ट गर्ता मात्र ४५९ मी. खोल आहे. डेन्मार्क, जर्मनी, पोलंड, लिथुएनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया, रशिया, फिनलंड आणि स्वीडन या नऊ देशांचे किनारे त्याला लागतात. रशियाचा किनारा दोन तुकड्यांत आहे: फिनलंडच्या आखाताच्या टोकाला सेंट पीटर्झबर्गकडे आणि मुख्य भूमीपासून तुटलेल्या कालिनिनग्राडला.

या समुद्राचा स्वभाव त्याच्या तोंडाशी ठरतो. उत्तर समुद्राकडे जायला ओरेसुंड, मोठा बेल्ट व छोटा बेल्ट या तीनच नैसर्गिक वाटा आहेत, आणि त्यांच्या तळाशी उंबरठे, म्हणजे पाण्याखालचे उंचवटे, आहेत: ओरेसुंडमधील ड्रॉग्डेन येथे सु. ८ मी., तर बेल्टकडून येणाऱ्या वाटेवर डार्स येथे सु. १८ मी. पाणी. दुसरीकडे नेव्हा, व्हिश्चुला, ओडर, नेमान, दौगावा या नद्या समुद्राच्या चौपट क्षेत्राचे पाणी आत आणतात. हे गोडे पाणी हलके असल्याने वरच्या थरातून बाहेर वाहते. जड खारे पाणी तळालगत आत शिरू पाहते आणि उंबरठ्याला अडते. त्यामुळे महासागरात दर किलो पाण्यात सु. ३५ ग्रॅम मीठ असते, तर बॉर्नहोल्म बेटाजवळ पृष्ठभागी ७-८ आणि स्वीडन व फिनलंड यांमधील बोथनियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला २-३ ग्रॅमच उरते. समुद्राचे सगळे पाणी बदलायला सु. ३० वर्षे लागतात.

मध्य बाल्टिकमध्ये ६० ते ८० मी. खोलीवर वरचे कमी खारे आणि खालचे अधिक खारे पाणी यांची सीमा असते. हिवाळी वादळे वरचा थर ढवळतात, ही सीमा ओलांडत नाहीत. म्हणून खाली प्राणवायू पोचत नाही. तो मिळतो केवळ मोठ्या अंतर्वाहाने, म्हणजे उत्तर समुद्राकडून आत येणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या लोंढ्याने. त्यासाठी आधी काही आठवडे पूर्वेचे वारे वाहून बाल्टिकची पातळी उतरावी लागते आणि मग पश्चिमेचे जोरदार वारे आठवडे टिकावे लागतात. नुसते वादळ पुरत नाही: ते लवकर शमले, तर आत आलेले पाणी उंबरठ्याअलीकडूनच परतते. डिसेंबर २०१४ मध्ये असा प्रचंड लोंढा आला. तो आर्कोना व बॉर्नहोल्मच्या खोलगटांतून पुढे सरकत स्वीडनच्या गॉटलंड बेटाजवळील खोल भागात काही महिन्यांनी पोचला. त्याचा लाभही थोडाच टिकला.

कारण तळाशी सडणारे सेंद्रिय द्रव्य प्राणवायू भराभर संपवते. तो संपला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो. त्यावर उन्हाळ्यात नील-हरित शैवाल माजते, मरून तळाशी जाते आणि पुन्हा प्राणवायू खाते. शेतातून येणारी खते व सांडपाणी कमी केले, तरी हे चक्र जुन्या साठ्यावर चालू राहते. सुधारणा डोळ्यांना दिसायला दशके लागतात ती यामुळे. कॉड माशाला याची थेट झळ बसते: पूर्व बाल्टिकमधील त्याची अंडी दर किलोला सु. ११ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात तरंगतात. तेवढे मीठ खोलवरच मिळते आणि तिथेच श्वसनाला प्राणवायू नसतो. या कमी खारेपणाचा एक लाभही आहे. लाकूड पोखरणारा जहाजकिडा येथे बहुतांश भागात तग धरत नाही. १६२८ मध्ये बुडालेले ‘वासा’ हे स्वीडिश जहाज १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढता आले.

हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्याने उत्तरेची जमीन अजून उचलली जात आहे. बोथनियाच्या उत्तर भागात वर्षाला सु. ८ ते ९ मिमी. बंदरे उथळ होतात. स्वीडनमधील लुलेओ शहर १६४९ मध्ये याच कारणाने समुद्राकडे हलवावे लागले.

भरती-ओहोटी नगण्य, पाणी चढते ते वाऱ्याने. फिनलंडचे आखात पूर्वेकडे निमुळते होत असल्याने पश्चिमी वादळात पाणी नेव्हाच्या मुखाशी साचते. १८२४ मध्ये सेंट पीटर्झबर्गला पाणी नेहमीच्या पातळीहून चार मीटरांहून अधिक चढले होते. २०११ मध्ये पूर्ण झालेला बांध आता ते अडवतो.

प्रदूषणावरील सामायिक करार हेलसिंकी येथे १९७४ मध्ये झाला व १९९२ मध्ये त्याच्या जागी नवा करार करण्यात आला. त्याचे काम पाहणाऱ्या ‘हेल्कॉम’ या आयोगात नऊही किनारी देश आणि युरोपीय संघ आहेत.