अरुंधती वसिष्ठाजवळच का?

एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले, की ध्रुवताऱ्याच्या बरेच वर सप्तर्षी दिसतात. डावीकडे चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याच्या उजव्या अंगाला तीन ताऱ्यांची किंचित वाकलेली शेपटी. शेपटीच्या पूर्वेकडील टोकाचा तारा मरीची, मग वसिष्ठ, मग अंगिरस आणि पुढे चौकोनातील अत्रि, पुलस्त्य, पुलह व क्रतू हा क्रम सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत दिला आहे आणि तोच आजही रूढ आहे. पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा पुढे वाढवली की ती ध्रुवापाशी पोहोचते.

मात्र हे तारे पहिल्यापासून ऋषी नव्हते. सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत, असे शतपथ ब्राह्मणात स्पष्ट म्हटले आहे. ऋक्ष म्हणजे अस्वल, आणि ग्रीकांनी याच तारकासमूहाला दिलेले ‘आर्क्टोस’ हे नावही त्याच मुळातून आलेले, त्याच अर्थाचे आहे. ऋषी कोणते, याबाबतही एकवाक्यता नव्हती. बृहदारण्यक उपनिषदातील सात ऋषींमध्ये गोतम, भरद्वाज, विश्वामित्र, जमदग्नी आणि कश्यप आहेत; ताऱ्यांना चिकटलेल्या यादीशी तिचे जुळते ते फक्त अत्रि आणि वसिष्ठ. म्हणजे सातांपैकी बहुतेक नावे त्या त्या ताऱ्याकडे पाहून सुचलेली नसावीत, तयार यादी ओळीने वाटली गेली असावी, असे मला वाटते. तसे नसते तर सातांत सर्वांत मंद असलेल्या ताऱ्याला अत्रीसारख्या थोर ऋषीचे नाव का मिळावे, याचे काही कारण सापडायला हवे होते. अरबांची पद्धत याहून वेगळी. त्यांनी क्रतूला ‘दुभे’ म्हणजे अस्वल म्हटले आणि अत्रीला ‘मेग्रेझ’ म्हणजे शेपटीचे मूळ. तारा आकृतीत कुठे आहे ते नावातच सांगून टाकले.

ओळीने वाटलेल्या या ऋषिनावांना एक ठळक अपवाद आहे. वसिष्ठाला अगदी खेटून, पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर, एक बारीक तारा आहे: अरुंधती. वसिष्ठाची प्रत (तेजस्वितेचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद) साधारण २, तर अरुंधतीची ४, म्हणजे ती सुमारे सहा पट मंद. लग्नात नवदांपत्याला दाखवायचा तो हाच तारा. आधी जवळचा ठळक तारा दाखवून मग नजर बारीक ताऱ्यावर नेण्याच्या युक्तीला शास्त्रकारांनी ‘अरुंधतीन्याय’ असे नावच दिले.

आता प्रश्न असा, की सात ऋषींपैकी एकाचीच पत्नी शेजारी का? बाकीच्या सहा कुठे गेल्या? आकाशात त्याचे उत्तर आहे. सप्तर्षींपासून पुष्कळ दूर, वृषभ राशीत, नुसत्या डोळ्यांनी साधारण सहा ताऱ्यांचा पुंजका दिसतो. त्या कृत्तिका. त्या ऋक्षांच्या पत्नी असून पतींपासून दुरावल्या, कारण सप्तर्षी उत्तरेला उगवतात आणि कृत्तिका पूर्वेला, असे शतपथ ब्राह्मण सांगते. महाभारताच्या वनपर्वात याची पूर्ण कथा झाली: अग्नीवर भाळलेल्या स्वाहेने एकेक करून सहा ऋषिपत्नींची रूपे घेतली, पण अरुंधतीचे रूप काही तिला घेता आले नाही. संशयाने सहा जणी टाकल्या गेल्या, सातवी पतीजवळ राहिली. एक जोडी आणि दूरवर सहांचा घोळका, हे आधी डोळ्यांनी दिसले आणि पातिव्रत्याची कथा त्यावर नंतर बेतली गेली, असेच मानणे मला सयुक्तिक वाटते. हीच आकृती पाहून गोंड लोकांनी मात्र चौकोनाला म्हातारीची खाट आणि शेपटीला तीन चोर म्हटले. तिथे अरुंधतीच्या पातिव्रत्याला काही कामच उरत नाही.

दुर्बिणीतून वसिष्ठाचेच दोन तारे दिसतात. त्यांपैकी ठळक तारा पुन्हा जोडतारा आहे, हे १८८९ च्या सुमारास अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड पिकरिंग यांना वर्णपटातील दुहेरी रेषांवरून कळले; दुसराही तसाच निघाला. २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद साथीदार सापडला, त्यामुळे त्या एका ठिपक्यात आता सहा तारे मोजावे लागतात. हे सर्व सुमारे ८० प्रकाशवर्षांवर असून अंगिरस, अत्रि, पुलस्त्य आणि पुलह यांच्यासह अवकाशात एकाच दिशेने चालले आहेत. ओळीच्या दोन टोकांचे मरीची आणि क्रतू मात्र त्या ताफ्यातले नाहीत. ते आणखी लांब आहेत आणि त्यांची वाटही निराळी आहे.