टेक्सास राज्य शिक्षण मंडळाचे सदस्यत्व

टेक्सास राज्य शिक्षण मंडळ हे अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या शालेय अभ्यासक्रमाचे निकष ठरवणारे आणि पाठ्यपुस्तकांना मान्यता देणारे १५ जणांचे निर्वाचित मंडळ आहे. ‘बोर्ड’ म्हटले की आपल्याला दहावी-बारावी आठवते, पण या मंडळाकडे परीक्षा नाहीत. त्याचे काम आपल्याकडच्या बालभारतीच्या विषय समित्यांच्या जास्त जवळचे. फरक असा की इथला सदस्य पक्षाची उमेदवारी घेऊन, मते मागून निवडून येतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत असे सदस्य नेमले जातात. टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्का, मिशिगन, अलाबामा अशा थोड्या राज्यांत मात्र ते निवडले जातात.

मुदत चार वर्षांची. पगार नाही, फक्त प्रवासखर्च मिळतो. मतदारसंघ मात्र अवाढव्य, २०२०च्या जनगणनेनुसार सुमारे १९ लाख लोकांचा, म्हणजे राज्याच्या सिनेटरच्या (विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहातल्या सदस्याच्या) मतदारसंघाच्या दुप्पट. एवढ्या लोकांपर्यंत बिनपगारी उमेदवार पोहोचणार कसा? बहुतेक वेळा पोहोचतच नाही. मतपत्रिकेवर खाली कुठेतरी नाव असते आणि लोक पक्ष बघून खूण करतात.

निवडणुकीची ही पद्धत मध्यंतरी मोडलीही होती. १९४९च्या कायद्याने निर्वाचित मंडळ आले. १९८४मध्ये उद्योगपती रॉस पेरो यांच्या समितीच्या शिफारशींनंतर २७ जणांचे ते मंडळ जाऊन १५ जणांचे नियुक्त मंडळ बसले. १९८७च्या सार्वमतात मतदारांनी नियुक्तीची पद्धत नाकारली आणि निवडणूक परत आली. अध्यक्ष मात्र आजही सदस्यांमधून गव्हर्नर नेमतो आणि त्यावर राज्याच्या सिनेटची मोहोर लागते.

प्रत्यक्ष काम शब्दांच्या कातरकामाचे आहे. निकषांत एखाद्या नावाआधी ‘यांसह’ असेल तर ते शिकवणे बंधनकारक. ‘उदाहरणार्थ’ असेल तर शिक्षकाच्या मर्जीवर. एखादी व्यक्ती पहिल्या यादीतून दुसऱ्या यादीत सरकवायची की नाही, यावर राजधानी ऑस्टिनच्या सभागृहात तासन्‌तास वाद चालतो. त्याआधी जनसुनावणी. पालक, प्राध्यापक, पाद्री, प्रकाशकांची माणसे एकेक करून येतात आणि नेमून दिलेल्या दोन-तीन मिनिटांत म्हणणे मांडतात. १९६०च्या दशकात टेक्सासच्याच मेल आणि नॉर्मा गेब्लर या दांपत्याने घरी बसून पाठ्यपुस्तके ओळीओळीने तपासायला सुरुवात केली, तेव्हापासून या सुनावण्यांना धार आली. राज्यात सरकारी शाळांतली मुले सुमारे ५५ लाख. एवढे गिऱ्हाईक कोणता प्रकाशक दुखावेल? १९९५मध्ये विधिमंडळाने पुस्तके नाकारण्याच्या मंडळाच्या अधिकाराला बराच लगाम घातला, तरी निकष मंडळाच्याच हाती राहिले. १८५४मध्ये २० लाख डॉलरवर उभा राहिलेला आणि आज ५० अब्जांच्या पुढे गेलेला कायम शाळा निधीही दीर्घकाळ याच मंडळाच्या देखरेखीखाली होता.

दीर्घकाळ टिकलेल्या सदस्यांच्या कारकिर्दी पाहिल्या तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. ही माणसे विरोधी पक्षाकडून क्वचित हरतात. त्यांचा घात होतो तो स्वपक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत, जिथे मतदार फारसे फिरकतच नाहीत. डॅलसच्या जेराल्डिन ‘टिन्सी’ मिलर १९८४मध्ये मंडळावर आल्या. वाचन हा त्यांचा विषय आणि डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेल्या मुलांची सोय हा ध्यास. पुढे त्या अध्यक्षही झाल्या. २०१०मध्ये फारसा प्रचारही न केलेल्या एका शिक्षकाने त्यांना प्रायमरीत पाडले. दोनच वर्षांनी त्या पुन्हा निवडून आल्या.

ब्रायन गावचे दंतवैद्य डॉन मॅकलेरॉय १९९८मध्ये निवडून आले आणि २००७मध्ये अध्यक्ष झाले. उत्क्रांतिवादाच्या ‘बलस्थाने आणि उणिवा’ शिकवाव्यात, या आग्रहामुळे त्यांचे नाव देशभर गाजले. २००९मध्ये त्यांच्या अध्यक्षपदावर मोहोर उमटवण्यासाठी राज्याच्या सिनेटमध्ये मतदान झाले, तेव्हा बाजूने १९ आणि विरोधात ११ मते पडली. लागणारी दोन-तृतीयांश मते न जमल्याने अध्यक्षपद गेले, सदस्यत्व राहिले. सामाजिक शास्त्रांच्या निकषांवरून पुढच्या वर्षी रणकंदन झाले. लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) व्यक्तींना पुरेशी जागा नाही म्हणून कॉर्पस क्रिस्टीच्या ज्येष्ठ सदस्या मेरी हेलन बर्लांगा बैठक सोडून निघून गेल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये मॅकलेरॉय प्रायमरीत थोडक्यात हरले होते. तरीही मुदत बाकी असल्याने मे महिन्यातल्या अंतिम मतदानाला ते हजर होते आणि निकष ९ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाले. हरलेल्या सदस्याने पुढच्या दशकाचा अभ्यासक्रम ठरवावा, हे विचित्र खरे, पण नियमाला धरूनच.

फोर्ट वर्थच्या पॅट हार्डी यांच्या बाबतीत तेच घडले, फक्त त्यांचे मत हरणाऱ्या बाजूला पडले. सामाजिक शास्त्रे शिकवण्यात हयात घालवलेल्या हार्डी २००२मध्ये रिपब्लिकन म्हणून निवडून आल्या आणि २२ वर्षे टिकल्या. मार्च २०२४च्या प्रायमरीत त्यांच्याहून उजव्या विचारांच्या एका तरुण धर्मसेवकाने त्यांना हरवले. नोव्हेंबरात बायबलमधल्या कथांचा समावेश असलेले ‘ब्लूबॉनेट’ हे राज्यनिर्मित वाचनसाहित्य मंडळापुढे आले. ते ऐच्छिक होते, पण घेणाऱ्या शाळांना प्रति विद्यार्थी ६० डॉलरपर्यंत मिळणार होते. हार्डी यांनी आणखी दोन रिपब्लिकन सदस्यांसह विरोधात मत दिले. ठराव ८ विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाला आणि जानेवारीत त्यांच्या खुर्चीवर नवा सदस्य बसला.