पार्श्वभूमी: हवा बिघडली की मुलांना वर्गात का बसवतात?

डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर विषारी धुरके पसरले, तेव्हा मुलांना घरीच ठेवण्याचा सल्ला दिला गेला. पण त्यामागची मोठी भीती मुले वाटेत हरवतील ही होती. शाळेच्या नियमांत फुप्फुसांचा विचार शिरला तो लॉस एंजलिसमध्ये. तिथे 1950च्या दशकात ओझोनच्या पातळीवरून इशारे सुरू झाले आणि पुढे इशारा आला की मैदान बंद, पीटीचा तास रद्द, मुले वर्गात, अशी रीत पडली.

आजच्या बहुतेक शालेय सूचना त्याच वळणावर चालतात. ओझोनपुरता तो उपाय योग्यच होता. हा वायू भिंती, बाके, कपडे यांच्या संपर्कात नष्ट होत जातो, त्यामुळे खिडक्या लावलेल्या खोलीत तो बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो. शिवाय तो उन्हात तयार होतो, म्हणून खेळाचा तास सकाळी घेतला तरी फरक पडतो. पीएम 2.5, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे तसे नाही. अमेरिकेने त्यांच्यासाठी वेगळे मानक 1997 मध्ये ठरवले, पण शाळांचा नियम जुनाच राहिला. हे कण फटींतून आत येतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. धावपळ थांबल्याने मुले कमी हवा ओढतात, हा फायदा खरा. मात्र फिल्टर नसेल तर वर्गाच्या भिंती त्यांना फारसे वाचवत नाहीत, आणि खिडक्या बंद करून भरलेला वर्ग बसवला की कार्बन डायऑक्साइड वाढतो तो वेगळाच.

मग शाळाच बंद ठेवायची का? सप्टेंबर 2015 मध्ये सिंगापूरने, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बीजिंगने आणि नोव्हेंबर 2018 मध्ये वणव्यांच्या धुरामुळे कॅलिफोर्नियातल्या अनेक भागांनी तेच केले. दिल्लीत तर हे हिवाळ्याचे नित्याचे झाले आहे. तिथे नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर खरा पेच आला: अनेक मुलांच्या घरी हवा शुद्ध करणारे यंत्र नाही, ऑनलाइन वर्गाची सोय नाही, आणि शाळा बंद म्हणजे मध्यान्ह भोजनही बंद. घरी बसून त्यांना कोणती वेगळी हवा मिळणार? शेवटी प्रत्यक्ष आणि ऑनलाइन असा दुहेरी मार्ग निघाला. माझ्या मते हा प्रश्न फार आधी विचारला जायला हवा होता.

वर्गातली हवा गाळण्याकडे अनेक ठिकाणी गंभीरपणे लक्ष गेले ते कोविडनंतर. विषाणूसाठी बसवलेले फिल्टर धुरालाही अडवतात. साध्या पंख्याला चौकोनी फिल्टर जोडून केलेली घरगुती यंत्रेही 2020 पासून काही वर्गांत दिसू लागली. मास्क हा मुलांसाठी कच्चा आधार आहे, कारण एन-95 लहान चेहऱ्यांच्या मापाने बनलेला नाही.

निर्णय ज्या निर्देशांकावर घ्यायचा, तोही सर्वत्र एक नाही. पीएम 2.5 दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय मोजणीत हवा ‘समाधानकारक’ ठरते, अमेरिकी मोजणीत ‘अनारोग्यकारक’. शिवाय भारतीय निर्देशांक 24 तासांच्या सरासरीवर चालतो, आणि मुख्याध्यापकांना मात्र पुढच्या तासाला मैदान उघडायचे की नाही हे ठरवायचे असते.