विमानाचं तिकीट बदलायचंय? फी न भरता ते कधी आणि कसं जमतं

तारीख बदलायला कॉल सेंटरला फोन केला की पलीकडून एकच आकडा सांगतात. त्या आकड्यात निदान दोन रकमा मिसळलेल्या असतात. एक म्हणजे बदलाचं शुल्क, चेंज फी. दुसरी म्हणजे भाड्यातला फरक: तुम्ही बुकिंग केलं तेव्हाचं भाडं आणि नव्या फ्लाइटचं आजचं भाडं यांतलं अंतर. तिकीट एजंटकडून किंवा एखाद्या बुकिंग ॲपवरून घेतलं असेल, तर त्यांचा सेवा आकार हा तिसरा भिडू. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी आपल्या बऱ्याचशा तिकिटांवरची चेंज फी काढून टाकली, तेव्हा आता तिकीट फुकट बदलता येतं असा बोभाटा झाला. फी गेली हे खरं, फरक मात्र तसाच राहिला, आणि सर्वांत स्वस्त श्रेणीतली तिकिटं त्या सवलतीतून वगळलेलीच होती. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: ‘यात फी किती आणि भाड्यातला फरक किती?’

दोन्ही माफ होणं क्वचितच घडतं, पण घडतं. कधी घडतं, ते बदल कोणामुळे करावा लागतोय यावर ठरतं. तुम्हाला हवा म्हणून केलेल्या बदलाला या धंद्यात व्हॉलंटरी म्हणतात आणि तिथे तिकिटाचे नियम चालतात. कंपनीने वेळ किंवा फ्लाइट बदलली तर तो इन्व्हॉलंटरी, आणि मग फीचा प्रश्न सहसा येत नाही.

तिकीट नीट वाचा

कन्फर्मेशनचा मेल उघडा. सहा अक्षरांचा पीएनआर सगळ्यांना माहीत असतो. त्याखाली १३ अंकी तिकीट नंबर असतो, त्यातले पहिले तीन अंक कंपनीचे. हा नंबर शेवटी कामाला येणार आहे. मग भाड्याचा प्रकार बघा. लाइट, सेव्हर, फ्लेक्स अशी काहीतरी नावं असतात. त्याच्या नियमांत ‘नॉन-रिफंडेबल’ दिसलं की लोक आशा सोडतात. पैसे परत मिळणार नाहीत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. बदल चालतो की नाही, हे वेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं. सुटण्याआधी बदल केल्यास काय, सुटल्यानंतर काय आणि नो-शो झाल्यास, म्हणजे न कळवता गेलाच नाहीत तर काय, हेही तिथे वेगवेगळं दिलेलं असतं. जाण्याचं भाडं एका प्रकारचं आणि येण्याचं दुसऱ्या प्रकारचं असेल, तर बहुतेक वेळा दोन्हींतला कडक नियम संपूर्ण तिकिटाला लागतो.

बुकिंग करून एक दिवसही झाला नसेल तर

अमेरिकेच्या वाहतूक विभागाचा नियम असा: अमेरिकेतल्या किंवा अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या फ्लाइटचं तिकीट थेट कंपनीकडून, सुटण्याच्या किमान ७ दिवस आधी घेतलं असेल, तर कंपनीने २४ तासांत ते दंडाशिवाय रद्द करू दिलं पाहिजे, नाहीतर पैसे न घेता तेच भाडं २४ तास राखून ठेवलं पाहिजे. यात ‘बदल’ हा शब्द नाही. त्यामुळे आधी नवीन फ्लाइटचं भाडं बघायचं, परवडलं तर ते बुक करायचं आणि लगेच जुनं रद्द करायचं. एकाच नावाची दोन बुकिंगं फार वेळ ठेवू नका, डुप्लिकेट समजून त्यातलं एखादं उडवलं जाऊ शकतं. २४ तास मोजायचे ते बुकिंगच्या मेलवरच्या वेळेपासून.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांतही ‘लूक-इन’ नावाची अशी सोय आहे. त्या मुदतीत रद्द करणं आणि बदलणं दोन्ही शुल्काविना होतं, पण नव्या फ्लाइटचं चालू भाडं द्यावंच लागतं. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदीतून १४ दिवसांत माघार घेता येते, ती मुभा प्रवासी तिकिटांना मात्र नाही. तिथे हा हक्क सांगून भांडण्यात वेळ घालवू नका.

कंपनीनेच वेळ बदलली तर

खरी संधी इथे असते, आणि ती मी एकदा घाईत घालवली आहे. परतीची तारीख दोन दिवस पुढे न्यायची होती. प्रवासाला तीन महिने होते, तरी डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून त्याच दिवशी फी आणि फरक भरून मोकळा झालो. तीन आठवड्यांनी त्याच मार्गावरच्या, माझ्या जुन्या फ्लाइटने जाणाऱ्या मित्राला मेल आला: सुटण्याची वेळ सात तासांनी बदलली आहे. त्याने फोन करून मला हवी होती तीच तारीख घेतली, एक पैसाही न भरता.

हे नशिबाने झालं असं वाटेल, पण त्याला कारण आहे. बऱ्याच कंपन्या साधारण अकरा महिने आधी बुकिंग उघडतात. इतक्या आधीचं वेळापत्रक कच्चं असतं. त्यातून जगभरच्या विमान वाहतुकीचे दोन हंगाम असतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक सुरू होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. त्या सुमारास वेळा सरकतात, फ्लाइट एकत्र केल्या जातात, काही गळतात. म्हणून प्रवासाला अजून बराच वेळ असेल आणि तिकिटाचे नियम थांबायला हरकत घेत नसतील, तर थोडं थांबा. नवीन तारखेची भाडी झपाट्याने चढत असतील तर मात्र हा जुगार खेळू नका.

वेळ बदलल्याचा मेल आला की त्यात बहुधा ‘स्वीकारा’ असं बटण असतं. ते लगेच दाबू नका. एकदा मान्य केलं की नंतर मोफत बदल मागायला जागा राहत नाही. बदल किती मोठा आहे ते आधी मोजा. अमेरिकेच्या २०२४ च्या नियमानुसार देशांतर्गत प्रवासात ३ तास किंवा जास्त आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात ६ तास किंवा जास्त फरक पडला, विमानतळ बदलला किंवा वाटेतले थांबे वाढले, तर तो मोठा बदल. नवी फ्लाइट नको असेल तर पूर्ण परतावा मिळतो: क्रेडिट कार्डाने भरले असतील तर कामकाजाच्या ७ दिवसांत, इतर मार्गांनी भरले असतील तर २० दिवसांत. हा नियम परताव्याचा आहे. पण परतावा द्यावा लागणार म्हटल्यावर दुसरी फ्लाइट मोफत द्यायला कंपनी सहसा राजी होते.

युरोपचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम याहून सरळ आहे. फ्लाइट रद्द झाली तर परतावा घ्या, लवकरात लवकरच्या फ्लाइटने जा, किंवा जागा असेल तर तुमच्या सोयीच्या नंतरच्या तारखेला जा. निवड प्रवाशाची.

फोन करण्याआधी हवी ती फ्लाइट स्वतः शोधून तिचा नंबर आणि तारीख कागदावर लिहून ठेवा. ‘काहीतरी करून द्या’ म्हटलं की समोरचा स्वतःच्या सोयीचं काढून देतो. ‘तुम्ही माझी फ्लाइट बदलली आहे, मला अमुक तारखेच्या अमुक नंबरच्या फ्लाइटवर विनाशुल्क घ्या’ असं म्हटलं की काम दोन मिनिटांत होतं. बदल वीस मिनिटांचाच असेल तर हक्क म्हणून काही मागता येत नाही. मात्र त्या वीस मिनिटांमुळे पुढची कनेक्टिंग फ्लाइट हातची जात असेल, तर तेच पहिल्या वाक्यात सांगा.

वादळ, संप, विमानतळ बंद

अशा वेळी कंपनी आपल्या साइटवर वेव्हर जाहीर करते, म्हणजे ठरावीक विमानतळ आणि तारखांपुरती फी माफ. त्यात तीन गोष्टी शोधा: तिकीट कधीपर्यंत घेतलेलं हवं, नवा प्रवास कधीपर्यंत करायचा आणि भाड्यातला फरक माफ आहे का. हा फरक बहुधा त्याच शहरांदरम्यान, त्याच क्लासमध्ये आणि दिलेल्या तारखांच्या आतच माफ होतो. एक दिवस पुढे गेलात की पैसे भरा.

आजारपण किंवा घरात मृत्यू

अशा वेळी मोफत बदलाचा हक्क फार थोड्या ठिकाणी लेखी असतो, बाकी सगळा कंपनीच्या मर्जीचा मामला. कागद नीट असले तर मर्जी लवकर वळते. आजारपणासाठी डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र लागतं, ज्यावर नोंदणी क्रमांक, सही आणि तारीख असते. ‘रुग्णाला विश्रांतीची गरज आहे’ एवढं त्यात चालत नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विमानप्रवास करू नये, असं स्पष्ट हवं. रुग्णालयात दाखल असाल तर डिस्चार्जचा कागद जोडा. मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला आणि नातं सिद्ध करणारा कागद लागतो. जवळचा नातेवाईक म्हणजे कोण, याची व्याख्या कंपनीगणिक बदलते. चुलते-मामा त्यात बसतातच असं नाही. सोबत पीएनआर, तिकीट नंबर आणि ओळखपत्राची प्रत द्या. मूळ कागद पाठवू नका. आणि कागद गोळा व्हायची वाट पाहत फ्लाइट सुटू देऊ नका. आधी बुकिंग रद्द किंवा पुढे ढकलायला लावा, दाखले मागून पाठवा.

विमान सुटलं आणि तुम्ही गेला नाहीत, तर तो नो-शो. मग स्वस्त तिकिटाची बहुतेक किंमत बुडते आणि त्याच तिकिटावरची परतीची फ्लाइटही सहसा आपोआप रद्द होते.

त्याच दिवशीची आधीची किंवा नंतरची फ्लाइट हवी असेल, तर काही कंपन्या थोड्या पैशांत किंवा वरच्या श्रेणीच्या सदस्यांना फुकट बदल देतात. चेक-इन उघडल्यावर ॲपमध्ये बघा. नाव मात्र यातल्या कुठल्याच वाटेने बदलत नाही. स्पेलिंगची चूक पासपोर्टची प्रत दाखवून दुरुस्त होते. एका माणसाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर बहुतेक कंपन्यांत होत नाही.

एजंटमार्फत घेतलं असेल तर

कंपनी म्हणते एजंटकडे जा, एजंट म्हणतो कंपनी बघेल. वेळ कंपनीने बदलली असेल तर आधी कंपनीलाच विचारा, ‘हे तिकीट तुम्ही हातात घ्याल का?’ नाही म्हणाले तर, विनाशुल्क बदल मंजूर आहे अशी नोंद पीएनआरमध्ये टाकायला सांगा. त्या नोंदीनंतर एजंटला कंपनीच्या फीचं कारण पुढे करता येत नाही, मागितलाच तर स्वतःचा सेवा आकार मागेल.

बदल झाला, पण तिकीट निघालं का?

फोनवरच्या माणसाने ‘झालं’ म्हटलं आणि ॲपमध्ये नवी तारीख दिसली, तरी काम अर्धंच झालेलं असू शकतं. बुकिंग आणि तिकीट या यंत्रणेत दोन वेगळ्या नोंदी असतात. बुकिंग बदलायचं, पण तिकीट नव्याने काढायचं राहून जायचं, असं होतं, आणि ते चेक-इनच्या काउंटरवर कळतं: ‘तुमचं बुकिंग आहे, पण तिकीट दिसत नाही.’ म्हणून नव्या ई-तिकिटाचा मेल मागा आणि तो १३ अंकी नंबर जुन्याशी ताडून पाहा. तिकीट पुन्हा काढलं असेल तर नंबर नवा असतो. नंबर जुनाच असेल तर विचारा, ‘हे नव्या फ्लाइटसाठी रीव्हॅलिडेट केलंय ना?’, म्हणजे जुनंच तिकीट नव्या फ्लाइटला लागू करून दिलंय ना. दिवसभरात मेल आला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावा आणि या वेळी तारखेचं काही न बोलता थेट तिकीट नंबर विचारा.